ओल्या रंगाची वजनं

४ मार्च, मंगळवार

प्रिय ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. आई बरी आहे, मी बरी आहे. तुझी बायको आणि तुमची चिमणी परवा येऊन गेल्या, त्याही मजेत आहेत. तू तिथे भाड्याच्या खोलीत एकटा, तेव्हा तू बरा आहेस की नाही हे तूच कळवायचं.

पत्र बघून हसशील. ताईला झालंय काय, हातात फोन आहे, दर रविवारी मी घरी येतो, मग हे पाकीट कशाला. अरे, फोनवर तू "हो गं ताई, हो गं ताई" करत विषय गुंडाळतोस. समोर असलास की मध्ये आई बसलेली असते, आणि कानाला ते नवं मशीन लावल्यापासून तिला नको तेवढंच नेमकं ऐकू येतं. म्हणून पत्र. ते तुझ्या खोलीच्या पत्त्यावर पाठवतेय, घरच्या नाही, एवढं लक्षात घे.

ऑफिसची बातमी अशी की दक्षता विभागातून एक बाई आल्या आहेत. महिनाभर मुक्काम. जुन्या रेकॉर्डच्या खोलीत टेबल टाकून दिलंय. दिसायला अगदी साध्या, आवाज खालचा, पण ऑफिसचा चहा घेत नाहीत. शिपाईमामा कप घेऊन गेले की म्हणतात, "मी पिऊन आलेय." रोज कोण पिऊन येतं? पाण्याची बाटलीसुद्धा घरची, आणि ती टेबलावर नाही, पायाशी ठेवतात. अशा माणसाशी बोलायचं तरी कसं सांग.

परवा त्यांनी मला बोलावलं. "भांडार तुमच्याकडे ना? लिफ्टच्या चाचणीच्या वजनांचं रजिस्टर बघायचंय." मी म्हटलं, कुठल्या वर्षाचं? तर म्हणाल्या, "मागच्या ऑगस्टचं." बारा महिने सोडून ऑगस्टच. माझ्या मनात पाल चुकचुकली. पण चेहरा साळसूद ठेवला, तुला माहितीये मला जमतं ते. म्हटलं, बाइंडिंग सुटलंय, दोन दिवसांत नीट करून देते. बाई म्हणाल्या, सुटलेलं असेल तसंच चालेल.

कुणीतरी सांगितल्याशिवाय नेमका महिना कसा कळतो? मला मामांचा संशय आहे. हल्ली दिवसातून दोनदा त्या खोलीत जातात. चहा नाही तर जातात कशाला? काल मला अर्धाच कप आणून दिला आणि वर विचारतात, "भाऊ काय म्हणतो तुमचा? बदली मानवली का?" इतक्या वर्षांत कधी चौकशी केली नाही, ती आत्ताच बरी सुचली.

असो. एक किरकोळ विचारायचं राहिलं होतं. गेल्या महिन्यात आपण आईला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हाचं. चौथा मजला. चिमणी लिफ्टसाठी हट्ट धरून बसली होती आणि तू तिला जिन्याने नेलंस. "व्यायाम होऊ दे," म्हणालास. आठवतंय? चिमणीला चार मजले, आणि तुला, ज्याला घरातला गॅलरीचा उंबरा ओलांडायचा कंटाळा. मी तेव्हा चेष्टाच केली तुझी. आता बसल्या बसल्या आठवलं, म्हणून विचारलं.

उत्तर लिहून पाठव. फोन करू नकोस.

तुझी,
ताई


१३ मार्च, गुरुवार

ठोंब्या,

फोन करू नकोस लिहिलं तर तू फोनच केलास, तोही ऑफिसच्या वेळात, तोही भांडाराच्या फोनवर. बरं, केलास तो केलास, वर म्हणतोस काय तर "ताई, जुनं कशाला उकरायचं? कागदच तो. पावसात किती कागद भिजतात आपल्याकडे." मार्च महिना चालू आहे बाबा. कुठला पाऊस?

जिन्याबद्दल तू अवाक्षर काढलं नाहीस. मी दोनदा विचारलं, दोनदा तू आईचा रक्तदाब विचारलास.

तेव्हा आता मीच सांगते, तू ऐक. बाईंना रजिस्टर दिलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, वजनंही मोजायची आहेत. भांडार उघडून दिलं. वीस किलोची वीस, भिंतीला लावून ठेवलेली. बाई पदर खोचून खाली बसल्या आणि एकेक वजन आडवं करून बुडाला बघायला लागल्या. मला कळेना हे काय चाललंय. तेवढ्यात दिसलं. रंगारी दरवर्षी काम झालं की बुडाशी काळ्या रंगाने तारीख घालतो, नियमच आहे तो, गंज धरला की वजन खरं राहत नाही म्हणून. वीसच्या वीस बुडांवर एकच तारीख. बारा ऑगस्ट.

रंग तेलाचा, दोन हात. तीन दिवस ती सगळी वजनं मागच्या अंगणात पत्र्याखाली उलटी पालथी घालून वाळत होती. मी स्वतः राखण केली, कारण मामांनी त्यावर छत्री वाळत घातली होती. पिवळा डाग पडला तो मामांच्या छत्रीवर अजून आहे. म्हणजे बारा, तेरा, चौदा ऑगस्टला ऑफिसातलं एकही वजन हललेलं नाही. हलवायचं म्हटलं असतं तरी कुणी हात लावला नसता, हाताला चिकटत होती.

आणि कानाच्या डॉक्टरांच्या इमारतीचं प्रमाणपत्र आहे तेरा ऑगस्टचं. सहा माणसांची लिफ्ट, पूर्ण भार घालून वर नेली, वीज तोडली, ब्रेकने धरलं, चाचणी समाधानकारक. खाली सही तपासनिसाची. तुझी.

मी ते प्रमाणपत्र तीन वेळा वाचलं. मनाशी म्हटलं, बाहेरून वजनं मागवली असतील. मग म्हटलं, सिमेंटची पोती घातली असतील. माणसं उभी केली असतील, चुकीचं असलं तरी काही जण करतात. मी तुझ्यासाठी इतकी कारणं शोधली की कुणी वकील लाजेल. पण मग जिना आठवला.

आई, मी, ती काखेत कुबडी घेतलेली मुलगी आणि तिचे वडील, असे चौघं लिफ्टमध्ये शिरलो. तू चिमणीचं मनगट धरलं होतंस. बोट नव्हे, मनगट, घट्ट. दार लागेपर्यंत तू आमच्याकडे बघत होतास आणि काहीतरी बोलणार असा तुझा चेहरा झाला होता. आम्ही वर पोचलो तर तू आमच्याही आधी दारासमोर हजर, चिमणीला कडेवर घेऊन, घामाघूम. मी म्हटलं, "पोट सुटलंय तुझं." आई हसली. तू हसला नाहीस.

स्वतःच्या पोरीला तू त्या लिफ्टमध्ये चढू दिलं नाहीस. आईला आणि मला जाऊ दिलंस. का, ते मला कळतं. आम्हाला अडवायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि चिमणीला नुसतं "व्यायाम" पुरतं. कळलं म्हणून बरं वाटत नाही. सात दिवस झाले, मला नीट जेवण जात नाही आणि आई विचारते दात दुखतोय का.

चिमणीच्या शाळेचंही आता विचारते, वाईट वाटलं तरी चालेल. जूनमध्ये जागा नाही म्हणाले, प्रतीक्षा यादीत छत्तिसावा नंबर. वर्ग सुरू होऊन दोन महिने झाले आणि ऑगस्टच्या शेवटी अचानक जागा झाली. मी हौसेने सगळ्या ऑफिसला चहा पाजला, भाचीला चांगली शाळा मिळाली म्हणून. त्या शाळेचे ट्रस्टी आणि कानाच्या डॉक्टरांच्या इमारतीचे मालक एकच आहेत हे मला परवा कळलं, इमारतीच्या खालच्या पाटीवरून. तुला कधी कळलं?

नाही म्हण. काहीतरी सांग. मला पटेल असं सांग, मी चटकन पटवून घेणारी बाई आहे.

ताई

ता.क. मी रविवारी घरीच आहे.


१८ मार्च, मंगळवार, संध्याकाळ

ठोंब्या,

हे पत्र जलद टपालाने पाठवतेय, उद्या तुझ्या हातात पडेल. सावकाश वाच. वाचून झालं की फाडलंस तरी माझी हरकत नाही, यातलं नोंदीपुरतं सगळं मी दुसरीकडे लिहून दिलेलं आहे. एक सोडून.

तू रविवारी आलास. जिन्याचं नाव नाही, पत्राचं नाव नाही. आईच्या पायाशी बसलास, तिच्या मशीनचा सेल बदलून दिलास, चिमणीच्या चित्रांचं कौतुक सांगितलंस. मला वाटलं जेवण झाल्यावर बोलेल. मी ताटं घासायला आत गेले, आणि पाण्याचा तांब्या बाहेरच राहिला म्हणून परत दारात आले. तू माझी पर्स उघडून बसला होतास.

किल्ल्या शोधत होतास ना? भांडाराच्या, बुडावरच्या तारखा खरवडायला. मी दारात उभी होते आणि तू माझा चष्मा, माझ्या गोळ्या, रुमाल, एकेक काढून मांडीवर ठेवत होतास, अगदी हळू, आवाज होऊ नये म्हणून. आई समोरच बसली होती. ती तुझ्याकडे बघत होती, ठोंब्या. तिला वाटलं मीच तुला काही काढायला सांगितलंय. मी पाऊल न वाजवता परत आत गेले आणि नळ मोठा सोडला, तुला वेळ मिळावा म्हणून. का सोडला, देव जाणे. निघताना डबा बांधून दिला. तू पाया पडलास.

किल्ल्या मी शुक्रवारीच बाईंकडे जमा केल्या होत्या. म्हणजे तू पर्स उघडण्याआधीच मी तुझ्यावर अविश्वास दाखवला होता. हेही सांगून टाकते, म्हणजे हिशेब दोन्हीकडचा होईल.

आता जे मी दोन्ही पत्रांत लिहायचं टाळलं ते. मागच्या पत्रात मी मोठ्या तोऱ्यात तुला सांगितलं की तेरा ऑगस्टला एकही वजन हललं नाही. पण रजिस्टरमध्ये काय आहे ते मी तुला लिहिलं नाही, कारण ते तुला ठाऊकच आहे. रजिस्टरमध्ये नोंद आहे. तेरा ऑगस्ट, वजनं वीस, सकाळी दहाला बाहेर, दुपारी दोनला परत, चांगल्या स्थितीत. अक्षर माझं.

आठवड्याने तू टेबलाशी आला होतास. "ताई, त्या दिवशीची नोंद राहिली गं, टाकून दे ना." आपल्या ऑफिसात सगळेच एकमेकांच्या मागच्या नोंदी टाकतात. शाई एकच, पेन एकच, वर-खाली ओळ सोडून ठेवायची सवयच आहे, कुणाचं काही राहिलं तर बसावं म्हणून. मी ती ओळ तुझ्यासाठी भरली आणि जेवायचा डबा उघडला. रंगाचं तेव्हा लक्षात आलं नाही, असं मी बाईंना सांगू शकले असते, त्यांना खोटं ठरवता आलं नसतं. पण खरं सांगते. "वीस" लिहिताना मला ते पिवळं अंगण डोळ्यासमोर दिसलं होतं. क्षणभर पेन थांबलं. तू समोर उभा होतास, तुझी घाई चालली होती. मी लिहिलं.

तुझ्या सहीला माझ्या ओळीचा आधार आहे. माझी ओळ नसती तर तुझं प्रमाणपत्र तेव्हाच अडकलं असतं, साहेब वजनांची नोंद बघितल्याशिवाय शिक्का मारत नाहीत. तुला शाळा मिळाली, मला तर काहीच मिळालं नाही, तरी मी केलं. नुसत्या मायेपोटी. त्याचंच मला जास्त भय वाटतंय, कारण असं मी आणखी कुणासाठी किती वेळा केलंय ते मी आठवायला बसले तर मला आठवतही नाही.

सोमवारी सकाळी मी बाईंच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं आणि म्हटलं, ही ओळ माझी आहे, खोटी आहे, तेव्हा वजनं अंगणात वाळत होती. त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "ती लिफ्ट आत्ता चालू आहे का?" आणि फोन उचलला. बारा वाजता लिफ्टला कुलूप लागलं. अकरा दिवस मी तारखा आणि सह्या तपासत बसले होते, आणि त्या अकरा दिवसांत ती लिफ्ट रोज माणसं नेत होती, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तुझा आणि माझा विचार करत होते. त्या कुबडीवाल्या मुलीला दर मंगळवारी चौथ्या मजल्यावर जावं लागतं, तिचे वडील तेव्हा लिफ्टमध्ये सांगत होते.

मी बाईंना हेही विचारून घेतलं की ऑगस्टची टीप कुणी दिली. कुणीच नाही. प्रत्येक ऑफिसात त्या चिठ्ठी टाकून एक महिना काढतात आणि तेवढाच खोलात बघतात. आणि चहा न घेण्याचं कारण पित्त. मामा त्या खोलीत जात होते ते खिडकीची कडी दुरुस्त करायला. मी बिचाऱ्यांशी पंधरा दिवस धड बोलले नाही.

आज सकाळी खरी चाचणी झाली. वजनं गाडीत चढवली, बाई गेल्या, दुसऱ्या जिल्ह्यातला तपासनीस बोलावला होता तो गेला, मी नोंदीपुरती गेले. वीसच्या वीस वजनं आत. चौथ्या मजल्यावर नेली. वीज तोडली. तुला खोटं वाटेल, पण मी डोळे मिटून घेतले होते.

ब्रेकने धरलं. जागचं हललं नाही. दोनदा केलं, दोनदा धरलं.

ठोंब्या, मी तिथे पायरीवर बसून रडले. सुटलो असं वाटलं. इमारतीचा रखवालदार म्हणाला, "बघा, उगाच गरीब पेशंटांना दोन दिवस जिने चढायला लावले." परतताना बाईंनी गाडीत हळूच सांगितलं, "लिफ्ट ठीक आहे. तारीख चुकीची पडली असं तुम्ही म्हणालात तर लेखनातली चूक म्हणून हे इथेच बंद होऊ शकतं. तुमच्या निवृत्तीला वर्षच राहिलंय ना?" त्या माझी परीक्षा घेत होत्या की खरंच दया दाखवत होत्या, मला कळलं नाही. अजूनही कळत नाही.

मी हो म्हणणार होते. तोंड उघडलं होतं. मग चौथ्या मजल्यावर चिमणीला कडेवर घेऊन उभा असलेला तू दिसलास. लिफ्ट चांगली होती आणि तरी तुझा जीव जात होता, कारण ती चांगली आहे हे तुलाच माहीत नव्हतं. तपासलंच नव्हतंस. सात महिने तू आत शिरणाऱ्या प्रत्येक माणसाच्या नावाने धास्ती घेऊन जगलास, आणि तेही पत्र्याच्या एका पाटीवर "सुरक्षित" असं तुझ्या सहीने लिहिलेलं असताना. यावेळी नशीब चांगलं निघालं. तुझ्या सह्या किती इमारतींत आहेत? तू मला खरा आकडा सांगितलास तरी मला आता तो खरा वाटणार नाही. सख्ख्या भावाबद्दल असं लिहायचं नसतं, पण लिहिते.

बाईंना म्हटलं, तारीख चुकलेली नाही.

माझा जबाब दिलाय. माझी नोंद, माझी चूक, पूर्ण. त्यात एक प्रश्न आहे: ही नोंद कोणाच्या सांगण्यावरून केली? त्यापुढची ओळ मी कोरी ठेवली आहे. बाई म्हणाल्या, रक्ताचं नातं असेल तर नाव न सांगण्याची सवलत मागता येते, अर्ज करा. अर्जाचा कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला होता. मी तो परत केला.

मला सोमवारी अकरापर्यंत मुदत आहे. बाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर मी साडेदहापासून बसलेली असेन. तू आलास तर तू बोलायचं, लिफ्टचं, शाळेचं, आणि बाकीच्या इमारती कुठल्या तेही. मी शेजारी गप्प बसेन. नोकरी जाईल का, मला माहीत नाही. चिमणीचं शिक्षण माझ्या जिवात जीव आहे तोवर थांबणार नाही, हे मात्र लिहून घे.

नाही आलास तर ती ओळ मी भरणार. आणि घरी येऊन आईच्या कानाला मशीन लावून तिला तुझं नाव का लिहिलं ते मीच सांगणार.

तुला अंगाखांद्यावर खेळवलेली, आणि तुझं नाव लिहायला तयार असलेली,
ताई